परीक्षेच्या तोंडावर बर्फात: जीसीएसईचं पोर आणि इस्टरची स्की ट्रिप

"अगं दहावीचं वर्ष ना तिचं, आणि परीक्षेच्या तोंडावर डोंगर कसले चढताय?" हा सासूबाईंचा नाशिकहून आलेला फोन. मी समजावत बसले की आई, इथे डोंगर चढत नाहीत, लिफ्टने वर जातात आणि घसरत खाली येतात, त्यावर त्या म्हणाल्या मग तर अजूनच कठीण आहे. खरं सांगू का, त्यांचं काही चुकलं नव्हतं. बुकिंग आम्ही आदल्या जूनमध्येच करून ठेवलेलं, नवऱ्याला स्वस्तात अपार्टमेंट दिसलं आणि त्याने बटण दाबलं, पुढच्या इस्टरला लेक इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या जीसीएसईच्या, आपल्या दहावीसारख्या बोर्डाच्या वर्षात असेल हा हिशोब दोघांच्याही डोक्यात नाही आला. सप्टेंबरमध्ये शाळेचं पत्रक हातात पडलं तेव्हा ट्यूब पेटली.

रद्द करायचा विचार केला, पण ट्रॅव्हल इन्शुरन्स असल्या कामाला येत नाही, "मुलीचा अभ्यास राहिलाय" किंवा "आता जावंसं वाटत नाही" याला कोणी पैसे परत देत नाही. मग गेलो. २०२५ च्या एप्रिलमध्ये, ५ ते १२ तारीख, फ्रान्समधलं व्हॅल थोरेन्स, आणि त्या वर्षी जीसीएसईचे लेखी पेपर ८ मे पासून सुरू. परत आल्यावर हातात २६ दिवस. अभ्यास झाला, स्कीइंग झालं, भांडणंही झाली, आणि काही बेत साफ फसले. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की तुम्ही कसं जमवलं, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. एलेव्हलवाल्यांनाही (म्हणजे इथली बारावी) यातलं बरंचसं लागू होईल, त्यांचे पेपरही मे-जूनमध्येच असतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी मधेच एक सांगते, तुमचं गणित वेगळं आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गुलमर्ग-औलीचा बर्फही तेव्हाच, म्हणजे थेट टक्कर, त्यामुळे तिथे बॅलन्स वगैरे काही नाही, पुढच्या वर्षी जा. इंग्लंडमध्ये घोळ असा की इस्टरची सुट्टी परीक्षेच्या बरोब्बर आधी येते, सगळी शाळा बंद, सगळे मित्रमैत्रिणी कुठे ना कुठे जाणार, आणि हीच दोन आठवड्यांची सुट्टी रिव्हिजनसाठीही शेवटची मोठी.

आधी कॅलेंडर, मग बुकिंग

इस्टर दरवर्षी सरकतो. २०२५ ला २० एप्रिल, २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला २८ मार्च, २०२८ ला परत १६ एप्रिल. परीक्षा मात्र मेच्या साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच चालू होते. म्हणजे इस्टर लवकर असेल तर परत आल्यावर पाच-सहा आठवडे मिळतात आणि बर्फही चांगला असतो, उशिरा असेल तर दोन्हीकडून मार. शाळेची सुट्टी प्रत्येक कौन्सिलची थोडी मागेपुढे असते म्हणून इस्टरची तारीख न बघता शाळेच्या वेबसाइटवरची तारीख बघा.

दोन आठवड्यांपैकी कुठला घ्यायचा यावर माझं मत एकदम पक्कं आहे, पहिला. दुसऱ्या आठवड्यात गेलात की शनिवारी रात्री उशिरा घरी, रविवारी कपडे धुणं, सोमवारी शाळा, आणि पोरगी पहिल्याच दिवशी वर्गात पेंगणार. आणि पहिल्या आठवड्यात "आधी अभ्यास संपव मग ट्रिप" असं म्हणून काही होत नाही, डोकं आधीच बर्फात गेलेलं असतं. आधी मजा आणि नंतर घरी बसून सलग आठवडा, हे मुलांनाही पटतं.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे फेब्रुवारीच्या हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या आठवड्याभराच्या सुट्टीत जाणं. बर्फ भरपूर, परीक्षा लांब, मॉक म्हणजे शाळेतल्या सराव परीक्षा झालेल्या असतात त्यामुळे कुठे कच्चं आहे ते कळलेलं असतं. पण तो आठवडा म्हणजे वर्षातला सगळ्यात महाग, फ्रान्समधल्या शाळांनाही त्याच सुमाराला सुट्टी असते, आणि लिफ्टच्या रांगा म्हणजे गणपतीत लालबागला गेल्यासारखं. ज्याची ऐपत आणि सहनशक्ती आहे त्याने जावं.

शाळा चालू असताना गुपचूप घेऊन जायचा विचार असेल तर इयर इलेव्हनला तरी नको. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाच दिवस शाळा बुडवली की दंड ८० पाउंड, तोही प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे, २१ दिवसांत नाही भरला तर १६०. दंडाचं एक वेळ जाऊ दे, त्या दिवसांत शिक्षक परीक्षेत काय येऊ शकतं त्यावर बोलत असतात, ते नंतर कुठल्या यूट्यूबवर मिळत नाही.

अजून एक, जे आम्हाला जानेवारीत कळलं आणि घाम फुटला. बऱ्याच शाळा इस्टरच्या सुट्टीतच इयर इलेव्हनचे रिव्हिजन क्लास ठेवतात, आणि फ्रेंच, स्पॅनिश असेल तर बोलायची परीक्षा लेखीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये शाळेतच घेतात. लेकीची फ्रेंचची तोंडी नेमकी शाळा उघडल्यावर लगेच होती. आर्ट किंवा डिझाइन असेल तर त्याचं काम जमा करायची तारीख वेगळीच. म्हणून बुकिंगच्या आधी शाळेला सरळ ईमेल करा की सुट्टीत काय काय आहे, कुठल्या तारखेला, लाजू नका. आमच्या शाळेचे क्लास नशिबाने दुसऱ्या आठवड्यात निघाले, त्यात आमची काही हुशारी नव्हती.

व्हिसाचं पण आत्ताच बघा. आमच्याकडे मुलांचे ब्रिटिश पासपोर्ट, आम्ही दोघं अजून भारतीय पासपोर्टवर, म्हणजे आम्हाला शेंगेन व्हिसा लागणारच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी हवाच, पण अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा. मुलं पण भारतीय पासपोर्टवर असतील तर बारा वर्षांच्या पुढच्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा तो दिवस मॉकच्या आठवड्यात येऊ देऊ नका.

जागा निवडताना

एप्रिलमध्ये बर्फ हवा तर उंच जायला लागतं. व्हॅल थोरेन्स गावच २३०० मीटरवर आहे, तीन्य २१०० ला, इटलीत चेर्विनिया २०५० ला, ऑस्ट्रियात ओबरगुर्गल १९३० च्या आसपास. मोर्झीनसारखं सुंदर गाव हजार मीटरवर, तिथे एप्रिलमध्ये खाली हिरवळ दिसायला लागते आणि बर्फासाठी वर वर जावं लागतं, त्यात वेळ जातो. आणि ज्याला दुपारी परत येऊन अभ्यासाला बसायचंय त्याचा वेळ वाचला पाहिजे. म्हणून माझा निकष एकच, दारातून स्की घालून बाहेर पडता आलं पाहिजे आणि दारापर्यंत परत येता आलं पाहिजे. बसने जायचं-यायचं असेल तर स्की बूट घालून बस स्टॉपवर उभं राहण्यात रोजचा तास जातो, आणि मग "आता कशाला परत जायचं, वरच थांबूया" सुरू होतं.

खोली घेताना जाहिरातीत सहा जण झोपतात लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. फ्रान्समधले स्की अपार्टमेंट म्हणजे आगगाडीचा डबा, बंक बेड दाराशी पॅसेजमध्ये, आणि टेबल एकच, त्यावरच जेवण, त्यावरच पत्ते, त्यावरच हेल्मेट. आम्ही चार जणांसाठी सहाची जागा घेतली फक्त एक दार बंद होणारी जास्तीची खोली मिळावी म्हणून, आणि त्या दाराचे पैसे वसूल झाले. फोटोत टेबल आणि सरळ पाठीची खुर्ची आहे का ते शोधा. सोफ्यावर बसून गणिताचा पेपर सुटत नाही, झोप लागते.

वायफायच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी साडेपाचला अख्खी बिल्डिंग परत येते आणि सगळे एकदमच ऑनलाइन.

दिवस कसा बसवायचा

इथे मी आधी मोठी चूक केली होती. एक्सेल शीट करून नेली, रोज सकाळी साडेसहा ते आठ अभ्यास, मग स्की, मग पाच ते सात अभ्यास, रात्री जेवणानंतर फ्लॅशकार्ड. नवरा बघून म्हणाला ही ट्रिप आहे की एनडीए. आणि झालं काय, फ्रान्सचं घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढे, म्हणजे तिथले साडेसहा म्हणजे आपले साडेपाच, सोळा वर्षांचं पोर त्या वेळेला जिवंत नसतं. पहिल्या दिवशी उठवली, वही समोर उघडी आणि डोळे बंद. दुसऱ्या दिवशी शीट फाडली.

मग बर्फाकडे बघून वेळापत्रक केलं आणि ते जमलं. एप्रिलमध्ये रात्री सगळं गोठतं, सकाळी नऊला पिस्ट (स्कीसाठी आखलेले उतार) काचेसारखे टणक आणि खडखडीत असतात, दहाच्या सुमाराला वरचा थर मऊ पडायला लागतो, दहा ते साडेबारा एक म्हणजे स्वर्ग, आणि दोननंतर नुसता बर्फाचा चिखल होतो, पाय अडकतात, गुडघे पिळवटतात. म्हणजे दुपारचं स्कीइंग तसंही वाईट आणि धोक्याचं. तर निसर्गानेच सोय केलीय, दुपार अभ्यासाला द्या. आरामात साडेआठला उठायचं, साडेनऊला बाहेर, एक वाजेपर्यंत भरपूर स्की, घरी येऊन जेवण, मग अर्धा तास लोळणं (हा अर्धा तास कापू नका, गरम पाण्याने अंघोळ करू दे, फोन बघू दे), आणि तीन ते साडेपाच अभ्यास, मधे चहाची सुट्टी. साडेपाचनंतर वह्या बंद म्हणजे बंद. संध्याकाळी तिला गावात हिंडू दे, पोहायला जाऊ दे, भावाशी पत्ते खेळू दे. रोजचे सव्वादोन तास ऐकायला कमी वाटतात पण असे तीन दिवस आणि बुधवारचा पेपर (तो पुढे येतोच) धरला की जवळजवळ नऊ तास होतात, आणि घरी इस्टरमध्ये "दिवसभर अभ्यास केला" म्हणणारी मुलं खरी किती करतात ते आपल्याला माहितीये.

आठवड्याचं म्हणाल तर शनिवार प्रवासात जातो, जिनिव्हाहून वर यायला बसने तीन तास धरा, शनिवारी सगळ्या आल्प्सची अदलाबदल असते त्यामुळे ट्रॅफिक लागलं तर जास्त. त्यात घाटासारखी वळणं, गाडीत पुस्तक उघडलं की उलटी. त्या दिवशी काही नाही. रविवारीही काही नाही, फक्त स्की, कारण उंचीवर पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, डोकं जड होतं, पाणी सारखं प्यावं लागतं, त्यात केमिस्ट्री काय डोक्यात जाणार. सोमवार, मंगळवार वर सांगितलं तसं. बुधवारी स्की अजिबात नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी पायांचे दगड होतात, आणि दमलेल्या पायांवरच माणूस पडतो, म्हणून बुधवार तसाही विश्रांतीचा हवा. त्या दिवशी सकाळी बरोबर नऊला, खरी परीक्षा असते तशी, घड्याळ लावून गणिताचा एक पूर्ण पेपर, दीड तास, कॅल्क्युलेटरशिवायचा. अकराला तपासून झाला, मग बाकीचा दिवस मोकळा, आम्ही वॅफल खायला गेलो. गुरुवारी परत अर्धा-अर्धा. शुक्रवार पूर्ण तिचा, शेवटच्या लिफ्टपर्यंत. हा शुक्रवार आधीच कबूल करून टाका आणि शब्द पाळा, काही झालं तरी. त्या शुक्रवारच्या आशेवर सोमवारचा अभ्यास होतो.

लिफ्ट पास काढताना हे ध्यानात ठेवा. सहा दिवसांचा पास सवयीने काढला जातो, पण बुधवार सुटी आणि बाकी अर्धे दिवस असतील तर काही ठिकाणी चार तासांचा किंवा अर्ध्या दिवसाचा पास मिळतो, त्याचा हिशोब करून बघा. कधीकधी मात्र सहा दिवसांचाच स्वस्त पडतो, वस्तू जास्त घेतली की दर कमी हा बाजार तिथेही आहे.

आणि हे वेळापत्रक निघायच्या आधी, घरी, तिला बसवून तिच्याकडूनच लिहून घ्या. आपण ठरवलेलं ती मोडते, तिने ठरवलेलं मोडताना निदान तिला वाईट तरी वाटतं.

काय अभ्यास करायचा, काय नाही

डोंगरावर नवीन काही शिकायचं नाही. शिकलेलं आठवून बघायचं, बस. हा एक नियम पाळलात तर बाकी सगळं आपोआप बसतं, बॅगेतल्या वजनापासून ते मुलीच्या मूडपर्यंत. नवीन धडा समजून घ्यायला शांतता लागते, शिक्षक लागतात, नाही समजलं तर रडारड होते आणि सगळ्या घराची सुट्टी खराब. आठवून बघायला मात्र कागद, पेन आणि चाळीस मिनिटं पुरतात.

त्यामुळे पुस्तकं घरीच. आम्ही एक फोल्डर नेलं, त्यात प्रिंट काढलेले पास्ट पेपर, उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात आणि ते पाकीट माझ्याकडे. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर ही परीक्षा बोर्डं, सगळ्यांचे जुने पेपर त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, फक्त आपल्या शाळेचं बोर्ड कुठलं ते प्रत्येक विषयाचं वेगळं असू शकतं हे तपासा, मी फिजिक्सचे चुकीच्या बोर्डाचे तीन पेपर छापून नेले होते आणि लेकीने ते बघून असा काही चेहरा केला की विचारू नका. सायन्सला नुसते सहा पेपर असतात, सगळे नेऊ नका, मॉकमध्ये जिथे मार्क गेले त्या धड्यांचेच प्रश्न काढा. कोरे कागद, दोन काळी पेनं, कॅल्क्युलेटर. आणि फ्लॅशकार्डांचे तीनच गठ्ठे, आमचे होते फ्रेंचचे शब्द, केमिस्ट्री आणि इंग्लिश लिटरेचरमधली वाक्यं, कारण शेक्सपिअरचं पुस्तक तिला परीक्षेत उघडायला मिळणार नव्हतं.

निबंध, आर्टचं काम, मोठे प्रोजेक्ट हे अजिबात नको.

चेअरलिफ्टवर प्रश्न विचारायचा मोह होईल. मी केला. आठ मिनिटांची लिफ्ट, पाय लोंबकळतायत, समोर अख्खे आल्प्स, आणि मी विचारतेय ऑस्मोसिसची व्याख्या. लेकीने गॉगल खाली ओढला आणि उतरेपर्यंत एक शब्द नाही. बरोबरच आहे तिचं. मोबाइलवरची फ्लॅशकार्डंही लिफ्टवर नको, हातमोजा काढून फोन धरला आणि निसटला तर खाली वीस मीटर बर्फात शोधायला कोण जाणार.

एक गोष्ट मात्र न ठरवता चांगली झाली, फ्रेंच. पहिल्या दिवशी स्की भाड्याने घ्यायला गेलो तर नवऱ्याने तिलाच पुढे केलं, बुटांचा नंबर सांग, पास माग, "अं शोकोला शो, सिल व्हू प्ले" (एक हॉट चॉकलेट द्या) इथपासून सुरू झालं आणि गुरुवारपर्यंत बेकरीतल्या बाईशी हवामानावर बोलत होती. तोंडीला घाबरणाऱ्या मुलांसाठी याच्यासारखं औषध नाही, फक्त आपण मागे उभं राहून चुका काढायच्या नाहीत. भूगोलात ज्यांना हिमनद्या आहेत त्यांनी शामोनीकडे गेल्यास मेर द ग्लास ही हिमनदी बघून या, ती किती आटलीये ते बघताना पोटात खड्डा पडतो. पण प्रत्येक गोष्टीचा धडा करू नका. उतारावर मुलगी सुसाट चाललीये आणि आपण मागून ओरडतोय "बघ पोटेन्शियल एनर्जीची कायनेटिक झाली", असं करणारा एक बाप माझ्या घरात आहे.

लिहायचा हात

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावते. पाय मोडला तर कुबड्या घेऊन परीक्षेला बसता येतं, उजवा हात किंवा अंगठा गेला तर दोन महिने लिहिणं बंद. स्की करताना पडलं की हातात काठी असते आणि अंगठा त्यात अडकून मागे वाकतो, त्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट फाटतो, ही इतकी नेहमीची दुखापत आहे की तिला इंग्रजीत स्कीवाल्याचा अंगठा असंच नाव पडलंय. म्हणून काठीचे पट्टे मनगटात अडकवू नका आणि पडतोय वाटलं की काठ्या सोडून द्यायची सवय लावा. स्नोबोर्डवर नवशिके हात पुढे टेकून पडतात आणि मनगट मोडतं. लेकीला याच वर्षी स्नोबोर्ड शिकायचा होता, तिथे मी ठाम नाही म्हटलं, पुढच्या वर्षी हवं ते कर. स्नो पार्कमधल्या उड्या, पिस्ट सोडून बाहेर जाणं, शेवटच्या तासाला "अजून एकच राउंड", हे तिन्ही त्या आठवड्यापुरतं बंद. ती चिडली. चिडू दे.

हेल्मेट सगळ्यांना, आपल्यालाही. इन्शुरन्स विंटर स्पोर्ट्सचं घ्या, साधं ट्रॅव्हल इन्शुरन्स बऱ्याचदा स्कीइंग धरत नाही. एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) जीएचआयसी कार्ड न्या, पण ते सरकारी दवाखान्यापुरतं, डोंगरावरून स्लेजने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणायचे पैसे त्यात येत नाहीत. फ्रान्समध्ये लिफ्ट पाससोबत कारे नेज नावाचा विमा रोजच्या काही युरोंत मिळतो, तो घेऊन टाका. इटलीत जात असाल तर दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा पिस्टवर सक्तीचा आहे, २०२२ पासून.

आणि समजा झालंच काही, तर घाबरून लपवू नका. डॉक्टरचा कागद घ्या आणि शाळेच्या परीक्षा बघणाऱ्या माणसाला त्याच दिवशी ईमेल करा, हात मोडलेल्या मुलाला लेखनिक किंवा लॅपटॉप मिळायची सोय असते, पण शाळेला ती व्यवस्था करायला वेळ लागतो.

ऊन पण सांभाळा. बर्फावरून परावर्तित होतं, नाकाच्या खालून आणि हनुवटीखालून भाजतं, सोलवटलेल्या चेहऱ्याने रात्री झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास गेला.

पोटाचं

कुकर न्या. हसू नका, २३०० मीटरवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणे वेगळे दिसत होते आणि नवरा म्हणत होता "आमटी आहे की भेळ". दुसऱ्या खेपेला छोटा तीन लिटरचा कुकर चेक-इन बॅगेत गेला. मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं एवढं असलं की एक वाजता दमून आलेल्या पोरांना वीस मिनिटांत गरम वरणभात, आणि वर रेस्टॉरंटमध्ये चिप्सला मोजावे लागणारे युरो वाचले. तूप, पनीर, चीज मात्र नेऊ नका, ब्रेक्झिटनंतर इंग्लंडहून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, काढून घेतात. तिथलं लोणी घेऊन कढवा, तूप उत्तम होतं.

जेवण जड झालं की तीनच्या अभ्यासाला जांभया. फोंड्यू-बिंड्यू (ते वितळलेलं चीज) रात्री.

बाकीच्या माणसांचं काय करायचं

धाकट्याला स्की स्कूलमध्ये टाका. तो दुपारी घरी नसला की निम्मे प्रश्न सुटतात. आमचा नऊ वर्षांचा सकाळी आमच्याबरोबर आणि दुपारच्या वर्गाला, पावणेपाचला परत. मुलांना दुपारचा मऊ बर्फ बाधत नाही, ती रबराची असतात.

आई-बाबांपैकी एकजण दुपारी घरी. आळीपाळीने. आणि घरी थांबणाऱ्याने उसासे टाकायचे नाहीत, "तुझ्यामुळे मी इथे बसलेय" हे तोंडाने न बोलता चेहऱ्याने बोलायचं नाही. मी पुस्तक वाचलं, झोपले, बाल्कनीत चहा प्यायले, खरं तर सुट्टीतला सगळ्यात छान वेळ तोच होता. वर गेलेल्याने तीन वाजता फॅमिली ग्रुपवर निळ्या आकाशाचे फोटो टाकायचे नाहीत, नवऱ्याला हे दोनदा सांगावं लागलं.

चार मराठी कुटुंबांनी मिळून मोठं शॅले (डोंगरातलं लाकडी घर) घेण्याचा बेत असेल तर परीक्षेच्या वर्षी त्यातून अंग काढून घ्या. मजा येते कबूल, पण रात्री एकपर्यंत अंताक्षरी आणि रमी, आणि कोणीतरी काकू हमखास जेवताना म्हणणार "आमच्याकडे सगळं दोनदा रिव्हाइज झालंय हो, आता नुसते पेपर सोडवतोय". ते एक वाक्य पोरीच्या डोक्यात तीन दिवस राहतं. जवळच वेगळं अपार्टमेंट घ्या, सकाळी एकत्र स्की करा आणि आपापल्या घरी जा.

मुलगी जर म्हणाली मला यायचंच नाही, तर? हे ऐकून घ्या, नखरे समजू नका. काहींना खरंच टेन्शन येतं आणि तिथे नेऊन बसवलं तर ना सुट्टी ना अभ्यास. सोळाच्या आतल्या मुलांना रात्रभर एकटं ठेवू नये असं एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी इथली संस्था सांगते, म्हणजे आई-बाबांपैकी एकाला तिच्याबरोबर घरी राहावं लागेल, मग तिचं आणि त्याचं तिकीट गेलं तर गेलं. अशा वेळी तिला जूनच्या शेवटी काहीतरी कबूल करा. ऑस्ट्रियात हिंटरटुक्स ग्लेशियरवर उन्हाळ्यातही स्की करता येतं. फक्त ते बुक करताना शेवटच्या पेपरची तारीख धरू नका, परीक्षा बोर्डांचा एक राखीव दिवस जूनच्या शेवटाकडे असतो, २०२५ ला तो २५ जून होता, काही अडचण येऊन पेपर पुढे ढकलला तर तेव्हा मुलं हजर लागतात. त्याच्या पुढचं विमान घ्या. आणि अगदीच बर्फाची हौस असेल तर मिल्टन कीन्स किंवा हेमेल हेम्पस्टेडच्या इनडोअर स्लोपवर रविवारी तास-दोन तास, दुपारी घरी.

परतताना

शनिवारी परत येताना फ्लॅशकार्डं काढू नका, सगळे मेलेले असतात. रविवार झोपेचा आणि वॉशिंग मशीनचा. सोमवारपासूनचं वेळापत्रक मात्र तिथेच, गुरुवारी संध्याकाळी, तिने केलेल्या पेपरांतल्या चुका समोर ठेवून लिहून घ्या. आमच्याकडे बुधवारच्या गणिताच्या पेपरातून कळलं की वर्तुळाची प्रमेयं पार कोरी आहेत, तर सोमवारी सकाळी पहिलं तेच.

आणि घरी आल्या आल्या सगळ्यात आधी ते फोल्डर बॅगेतून बाहेर काढा. आमचं ओल्या स्की मोज्यांच्या खाली मंगळवारपर्यंत राहिलं, बाहेर काढलं तेव्हा केमिस्ट्रीची कार्डं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती आणि लेकीने ती रेडिएटरवर सुकत ठेवली, अजून त्यांना वास येतो.